ज्वारीच्या रानातली सीडी

"वाढ दिसते आहे. पण ती कशाची आहे, हे या स्कॅनवरून सांगता येत नाही."

मी अठरा वर्षं लातुरात क्लासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवते. चार पर्यायांतला एक बरोबर असतो, या एका भरवशावर आमचं अर्धं लातूर चालतं. 'सांगता येत नाही' हा पर्याय मी एकाही पेपरात कधी दिलेला नाही. दिला असता तर पालक भांडायला आले असते. डॉक्टरांशी मात्र भांडता आलं नाही, कारण ते खरं बोलत होते.

मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन झालं, रेडिएशनचे शेक संपले, जरा हुश्श केलं आणि मग असा रिपोर्ट हातात पडला, अशी माणसं बरीच असतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरकीतलं मला फारसं कळत नाही. माझं काय झालं तेवढं सांगते.

कुलूप

जूनच्या नव्या बॅचला मुळांची रचना शिकवत होते. 'मूळ' म्हणायचं होतं, तोंडातून 'कुलूप' आलं. मुलं हसली, मीही हसले. पुन्हा म्हणायला गेले तर पुन्हा कुलूपच. तिसऱ्यांदा मी शब्दाच्या वाटेलाच गेले नाही. फळ्यावर चित्र काढलं आणि बोट दाखवलं. इतकी वर्षं शिकवल्यावर वेळ मारून नेता येते.

आठ दिवसांनी स्टाफरूममध्ये फीट आली. मला त्यातलं काही आठवत नाही. माझ्या हातातला चहा तपासलेल्या पेपरांवर सांडला, असं नंतर कळलं.

स्कॅन झाल्यावर डॉक्टरांनी स्क्रीन माझ्या नवऱ्याकडे, महेशकडे वळवली. मी म्हटलं, "सर, डोकं माझं आहे. स्क्रीन इकडे करा." त्यांनी केली. डाव्या कानाच्या वर लिंबाएवढा पांढरा डाग होता. डॉक्टर गाठ म्हणाले, मग थोडं थांबून कॅन्सर म्हणाले. मी तो डाग नीट बघून घेतला. भीती वाटायला पाहिजे होती, पण त्या वेळी फक्त एवढंच वाटलं की उद्याच्या बॅचला कोण जाईल.

महेश दालमिलमध्ये सुपरवायझर आहेत. मोठमोठ्या मशिनींचा आवाज ऐकून बिघाड कुठं आहे ते सांगतात. त्या दिवशी 'गाडी काढतो' म्हणून खाली गेले आणि मला तिथंच विसरून थेट मिलमध्ये पोचले. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा डोळे लाल होते. मी हसले तर म्हणाले, "हसू नको. मला लई भ्या वाटायलंय." आमच्या दोघांत ते आधी बोलले, हे बरं झालं.

जाळी

माझा थोरला भाऊ, दादा, नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आहे. म्हणून उपचार नांदेडला घ्यायचे ठरले. ऑपरेशन झालं. गाठ बरीचशी निघाली, थोडी राहिली. राहिलेलीसाठी तीस शेक.

शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाची प्लास्टिकची जाळी बनवतात. ती तोंडावर घालून खालच्या फळीला अडकवतात. दुखत नाही. पण पहिल्या दिवशी ती अडकवल्याचा आवाज आला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, आणि जाळीमुळे तोंडही उघडता येईना. नंतर सवय झाली. सोमवार ते शुक्रवार, सकाळी अकराचा नंबर. घरी आल्यावर गालावर जाळीची नक्षी तासभर राहायची.

माझ्या आधीचा नंबर माहूरच्या एका मावशींचा असायचा. गडाच्या पायथ्याला त्यांचं नारळ-प्रसादाचं दुकान. एकदा जाळी काढून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या गडावरच्या आईचं बी नुसतं मुखच पुजत्यात. आता आपलं बी तेवढंच कामाचं राह्यलंय." बाकावरची सगळी माणसं हसली. आजारपणात असं एखादं माणूस भेटलं तर त्याच्या शेजारची जागा सोडू नये.

गावाकडं

शेक संपल्यावर, दिवाळीनंतर, नांदेडलाच एक स्कॅन झाला. डॉक्टरांनी त्यात मेंदूतल्या रक्तप्रवाहाचा एक जादा भाग घ्यायला लावला. "आत्ता याचं काम नाही. पुढे कधी तुलना करायची वेळ आली तर हाताशी असावा," म्हणाले. आम्हाला फिल्मचं मोठं पाकीट मिळालं आणि कागदी खोळीतली एक सीडी. पाकीट मोठं म्हणून तेच महत्त्वाचं, असं आम्ही सगळ्यांनी धरलं. ते कपाटात गेलं आणि सीडी औषधांच्या पिशवीत.

लातूरचं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. म्हणून दोन महिने औशाजवळच्या आमच्या गावी, सासऱ्यांकडे राहिले. त्यांना मी मामा म्हणते. वय चौऱ्याहत्तर, सासूबाई नाहीत. रोज आंघोळ करून इष्टलिंग तळहातावर घेऊन अर्धा तास बसतात, मग रानात जातात. सुनेनं बसून राहावं आणि सासऱ्यानं भाकरी थापून तिला वाढावी, असं आमच्या भावकीत कुणी बघितलं नव्हतं. बायका काहीतरी निमित्त काढून बघायला यायच्या. भाकरी जाड व्हायच्या. मी तसं म्हटलं तर मामा म्हणाले, "जाड भाकर पोटात टिकती. खा गप."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी मला रोजचं लिहून ठेवायला सांगितलं होतं. त्यासाठी क्लासचीच एक वही घेतली, मागच्या पानावर टॉपर मुलांचे फोटो असलेली. गोळी घेतली, अमक्याचा फोन आला, तमकी भेटून गेली. डिसेंबरच्या शेवटी लिहिणं कमी झालं. मला वाटलं, आता गरज नाही.

सांगता येत नाही

जानेवारीत पुढचा स्कॅन. मशिनीत जाताना अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र, जोडवी काढली. जोडवी साबण लावून काढावी लागली. शेवटी गळ्यातलं लिंग, चांदीच्या डबीसकट. ते आमच्यात अंगावरून उतरवत नाहीत. महेशनी ते दोन्ही तळहातांत धरलं आणि मी बाहेर येईपर्यंत, पाऊण तास, तसेच उभे राहिले. बसा म्हटलं असतं, पण मी आत होते.

रिपोर्ट आला. डाग वाढला होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. शेकानंतर काही महिन्यांनी गाठीच्या जागेवर सूज येते, तिथला भाग मरतो. तेही स्कॅनमध्ये पांढरं दिसतं. गाठ परत आली तरी पांढरंच दिसतं. साध्या स्कॅनमध्ये दोन्ही जुळी भावंडं. गाठ असेल तर पुन्हा ऑपरेशन. शेकाचा परिणाम असेल तर नुसत्या गोळ्या. फरक बघायचा तर रक्तप्रवाह बघायचा: जिवंत गाठ रक्त ओढते, मेलेला भाग ओढत नाही.

"नवा स्कॅन लगेच करू. पण दिवाळीनंतरची ती सीडी घेऊन या. तेव्हा प्रवाह किती होता आणि आता किती आहे, ते शेजारी ठेवून बघायचंय. आकडे फिल्मवर नाहीत, सीडीतच आहेत."

मग सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, "विसरणं वाढलंय का?"

"नाही," मी म्हटलं. अगदी ठामपणे.

सीडी औषधांच्या पिशवीत नव्हती. घरात कुठंच नव्हती. स्कॅन सेंटरवर विचारलं तर त्यांचा कॉम्प्युटर डिसेंबरात बंद पडला होता, त्याआधीचं काही उरलं नव्हतं. दुष्काळात तेरावा महिना. महेशनी गावी फोन लावला. आपल्या वडलांना ते आप्पा म्हणतात.

"आप्पा, सुनंदाच्या पिशवीत एक सीडी हुती. बगा बरं जरा."

 मग मामा म्हणाले, "हाय. रानात हाय."

अठरा सीड्या

ज्वारी हुरड्यात आली होती. या दिवसांत पाखरं तुटून पडतात. गुडघ्यांमुळे मामांना आता राखणीच्या माळ्यावर चढून गोफण फिरवता येत नाही. म्हणून दोन एकरांत काठ्या रोवून, सुतळीला जुन्या सीड्या बांधतात. वाऱ्यावर फिरल्या की उन्हात चमकतात, पाखरं बिचकतात. आमच्याकडं सगळेच करतात. लग्नाच्या, भजनाच्या, कुणाकुणाच्या सीड्या रानात लटकलेल्या असतात.

आम्ही पोचलो तेव्हा मामांनी सगळ्या उतरवून, पाण्यानं धुऊन, धोतरानं पुसून बांधावर मांडल्या होत्या. अठरा. सगळ्यांवरची अक्षरं उन्हानं उडालेली. यातली माझी कोणती, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

महेश कधी वडलांसमोर आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "आप्पा, तिच्या डोक्याचा रिपोर्ट हुता त्यात! पाखरं हाकलायला टांगला व्हय तुमी? येकदा इचारायचं तरी!"

मामा म्हणाले, "चुकलं माझं."

एवढंच. मी सीड्या गोळा करायला लागले. बोलले असते तर वाईट बोलले असते. मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तो किती आला होता हे इथं कमी करून सांगणार नाही. दोन महिने खाल्लेल्या भाकरी विसरून मनात आलं, अडाणी माणसाच्या घरात जीव ठेवला, त्याचं हे फळ.

अठराही सीड्या एका स्टीलच्या डब्यात, टॉवेलच्या घडीत घालून आम्ही नांदेडला नेल्या. महेश निघताना वडलांच्या पाया पडले नाहीत. मीही पडले नाही.

स्कॅन सेंटरवरचा टेक्निशियन मोठा धीराचा माणूस. एकेक सीडी लावत गेला. पहिलीत महेशच्या मावसभावाचं लग्न. दुसरीत कीर्तन. तिसरी उघडलीच नाही. चौथीत गावच्या शाळेचं गॅदरिंग, त्यात सरपंचांचं लांबलचक भाषण. बाहेर थांबलेले दोन पेशंट आत डोकावून बघायला लागले. नवव्या सीडीत माझं डोकं निघालं.

ती खरखरत होती. काही चित्रं आलीच नाहीत. रक्तप्रवाहाचा भाग उघडायला वीस मिनिटं लागली, पण उघडला. "भोकातूनच सुतळी ओवली म्हणून वाचली," टेक्निशियन म्हणाला. "खिळा मारला असता तर गेलीच होती." त्यानं लगेच तीन प्रती काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी नवा स्कॅन झाला. हातात सुई, इंजेक्शन, अंगात एक गार लहर, आणि तोच ठोकाठोकीचा आवाज. या वेळी शेवटी त्या डागातल्या रसायनांचा एक आलेखही घेतला. दोन्ही स्कॅन तज्ज्ञांना दाखवून सांगतो, दोन दिवस थांबा, असं डॉक्टर म्हणाले.

वही

ते दोन दिवस आम्ही दादाकडे विष्णुपुरीला होतो. गच्चीवरून धरणाचं पाणी दिसतं. महेश आणि दादा गच्चीत बसून धरणाच्या दरवाजांविषयी बोलत होते. पुरुषांना घाबरल्यावर दरवाजे, मोटारी, पंप असले विषय लागतात.

मी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून काढायला वही घेतली. कोरं पान शोधत मागे गेले, तर डिसेंबरातलं एक पान लागलं.

'मामांनी विचारलं, पिशवीतली सीडी लागती का, पाखरांसाठी. म्हटलं, नाही लागत, घ्या.'

अक्षर माझं. पुढे बरोबरची खूणही केलेली, पेपर तपासताना करते तशी.

मी खूप वेळ आठवून बघितलं. मामा दारात उभे आहेत, सीडी हातात आहे, मी गादीवर आहे. असं झालं असणार, हे मला कळत होतं. पण आठवत काहीच नव्हतं. त्या जागी नुसतं कोरं होतं.

आधी भीती वाटली ती आजाराची. डॉक्टरांना छातीठोकपणे 'नाही' म्हणाले होते. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, आणि मला स्वतःची लाज वाटली. त्यांनी विचारलं होतं. मी 'घ्या' म्हणाले होते. आणि बांधावर उभं राहून ते फक्त 'चुकलं माझं' म्हणाले होते.

वही गच्चीवर नेऊन महेशसमोर धरली. त्यांनी दोनदा वाचलं. मग चप्पल घातली आणि म्हणाले, "जाऊन येतो." लातूरची एसटी पकडून गावी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. तिथं काय बोलणं झालं ते मला सांगितलं नाही. डबा तेवढा पुढे केला. त्यात जाड भाकरी होत्या.

"आप्पाला सगळं समजावून सांगितलं, डाग, रक्त," ते म्हणाले. "तर म्हनले, त्येच्यात काय नवीन हाय? युरिया जास्ती पडला तरी पीक पिवळं, कीड लागली तरी पिवळं. वरून बघून कळत न्हाई, बुडाशी बघावं लागतंय."

डॉक्टरांनी अर्धा तास घेतलेली गोष्ट मामांनी एका भाकरीच्या वेळेत संपवली होती.

निळं

आत गेल्यावर डॉक्टरांनी स्क्रीन लावायच्या आधीच मी वही पुढे केली. "सर, मागच्या वेळी मी चुकीचं सांगितलं. विसरणं वाढलंय. पुरावा आहे."

त्यांनी वाचलं, तारीख बघितली, फाइलमध्ये टिपून घेतलं. रागावले नाहीत. असल्या आजारात ताकाला जाऊन भांडं लपवू नये, हे मी आता सगळ्यांना सांगते. लपवण्याजोगं एवढंसं काही असतं आणि त्यावर एवढं मोठं काही ठरणार असतं.

मग दोन चित्रं शेजारी शेजारी. डावीकडे दिवाळीनंतरचं, रानात जाऊन आलेलं. उजवीकडे परवाचं. रक्त जास्त तिथं लाल, कमी तिथं निळं. डावीकडे ती जागा निळी होती. उजवीकडे जागा मोठी झाली होती, पण निळीच होती.

"बहुतेक शेकाचाच परिणाम आहे," डॉक्टर म्हणाले. "आलेखही तेच म्हणतो. बहुतेक म्हणतोय मी, शंभर टक्के नाही. जुनी सीडी नसती तर एवढंही म्हटलं नसतं. ऑपरेशन नको. सुजेच्या गोळ्या सुरू करू. विसरणंही त्या सुजेनं असू शकतं. आठ आठवड्यांनी पुन्हा बघू."

मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रडले. चांगली बातमी ऐकून रडू येतं हे मला तोवर खोटं वाटायचं.

गोळ्यांनी भूक खवळली, तोंड सुजलं, झोप उडाली, आणि मी महेशवर रोज एकदा तरी खेकसत होते. त्यांनी ते मशीनचा आवाज समजून ऐकून घेतलं.

मार्चच्या स्कॅनमध्ये डाग लहान झाला होता. अजूनही निळा. 'बहुतेक' हा शब्द डॉक्टरांनी काढला नाही. दर काही महिन्यांनी मशिनीत जायचं आहेच, बहुधा जन्मभर. मी क्लासला आठवड्यातून दोन दिवस जाते. 'मूळ' हा शब्द येतो.

खळं

त्या स्कॅननंतर गावी गेले तेव्हा ज्वारीची रास झाली होती. रानात काठ्या होत्या, सीडी एकही नव्हती. भावकीतल्या लोकांनी सांगितलं, मामांनी त्यांच्याही रानात फिरून टांगलेली प्रत्येक सीडी उलटीपालटी करून बघितली होती, कुणाचा रिपोर्ट तर नाही ना म्हणून.

मामा खळ्यावर दाभणानं पोतं शिवत होते. मी आधी पाया पडले. मग शेजारी बसले.

"मामा, तुम्ही मला विचारलं होतं. मीच घ्या म्हटलं होतं. वहीत आहे."

"मला म्हाईत हाय की."

"मग त्या दिवशी बोलला का नाही? हे एवढं ओरडले तुमच्यावर."

त्यांनी दोरा ओढला, टाका घातला, पुढचा घातला.

"सीडी मी हरवली म्हनलं की सीडीच हरवती, पोरी. तू सांगून इसरलीस म्हनलं आस्तं तर?" त्यांनी गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. "लगेच तुला त्या मशिनीत जायचं हुतं. आदीच भिऊन कामून जायचं?"

 मी पुढच्या पोत्याचं तोंड धरलं आणि त्यांनी शिवायला घेतलं.

वही पिशवीत होती. ती मी बाहेर काढली नाही. हे लिहून ठेवायची गरज वाटली नाही.